गव्हाणे सरांचे चार शिक्के

गव्हाणे सर नेकनूरच्या एसटीतून उतरायचे तेच चिडलेले. गाडी वेळेवर आली तर ‘ड्रायव्हर गाडी पळवतो’ आणि उशिरा आली तर ‘ड्रायव्हर झोपा काढतो’. बीडच्या बसस्थानकापासून आमचं कार्यालय चालत येण्याच्या अंतरावर होतं, एका कापड दुकानाच्या वर. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला की खोलीतली पोरं मोबाइल पालथे घालायची. दारात आल्यावर सर कुणाला नमस्कार करत नसत. आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, मग आमच्याकडे, आणि दोन्हींत काहीतरी बिघडलंय असा चेहरा करून खुर्ची रुमालानं पुसायचे.

मी तिथं व्यवस्थापक होते. चाव्या, रजा, हजेरी, पाण्याचे जार, इन्व्हर्टर, सगळं माझ्याकडे, आणि प्रत्येकाची यादी भिंतीला चिकटवलेली. याद्या केल्या की माणसं कमी भांडतात हा माझा अनुभव आहे. गव्हाणे सर मात्र माझ्या याद्यांवरही लाल पेननं खुणा करायचे. ‘ओव्हाळ मॅडम, जारांच्या यादीत जार हाय, झाकण न्हाई. झाकण कोण आणणार? तुमचे सासरे?’ एवढं बोलून ते पेन कानावर ठेवायचे. आमचं सगळं काम पडद्यावर होतं, कागद फारसा नव्हताच. तरी लाल पेन होतं. त्याच्या टोपणानं ते पडद्यावर टकटक करायचे आणि ज्याच्या पडद्यावर टकटक व्हायची त्याची मान आपोआप खाली जायची.

आता कामाबद्दल. परदेशातली एक कंपनी एम्युलेटर नावाचं सॉफ्टवेअर विकत असे. जुने, बंद पडलेले संगणक आता मिळत नाहीत, पण त्यांच्यावर चालणारे प्रोग्रॅम अजून कितीतरी कारखान्यांत लागतात. हे सॉफ्टवेअर नव्या संगणकाच्या पोटात बसून जुन्या संगणकासारखं वागतं. जगभरातून त्याच्याबद्दल तक्रारी यायच्या: हे अडकतं, ते दिसत नाही, अमुक केलं की तमुक बंद पडतं. आमच्या पोरांनी त्या वाचायच्या, कुठल्या जातीची तक्रार आहे ते ठरवायचं आणि त्याप्रमाणे खूण करून पुढे धाडायची. दुरुस्ती आमची नाही. आमची फक्त वर्गवारी. या वर्गवारीचे प्रमुख म्हणजे गव्हाणे सर.

नवीन पोरांना ते हे काम शिकवायचे तेव्हा मीही काम थांबवून ऐकायची, कारण त्या एका तासात ते खरोखर चांगले शिक्षक असायचे. पूर्वी ते एका विनाअनुदानित शाळेत गणित शिकवत होते, एवढंच आम्हाला माहीत होतं.

‘गावात रायरंद येतो का न्हाई? पोलिसाचा वेष करून, दारात उभं राहून दम देतो तो?’

‘येतो सर.’

‘हे सॉफ्टवेअर म्हंजे रायरंद. जुन्या मशीनचं सोंग घेतंय. आता खरा फौजदार लंगडा असला, तर रायरंदानं कसं चालायचं?’

‘लंगडत.’

‘मग लंगडतोय म्हणून तक्रार आली तर?’

‘तक्रार खोटी, सर.’

‘बैला! तक्रार खरी हाय. पण दोष मूळचा हाय. त्याला हात लावायचा न्हाई. सोंग लंगडलं न्हाई, तर मातर दोष सोंगाचा.’

यातून त्यांचे चार शिक्के तयार झाले होते. जुनं मशीनही असंच चुकत असेल तर ‘मूळचा दोष’. जुनं मशीन बरोबर आणि सॉफ्टवेअर चुकत असेल तर ‘सोंगाचा दोष’. आधी कुणीतरी तेच कळवलं असेल तर ‘दुबार’. आणि नीट सांगितलं नसेल तर ‘अपुरी माहिती’. कंपनीची इंग्रजी नावं वेगळी होती, पण खोलीत हीच चालायची. मूळचा दोष म्हणण्याआधी खऱ्या जुन्या मशीनवर चालवून बघायचं, हा सरांचाच नियम. त्यासाठी मागच्या खोलीत एक पिवळं पडलेलं मशीन चादरीखाली ठेवलं होतं. ते सुरू व्हायला बराच वेळ घ्यायचं आणि चालू असताना पिठाच्या गिरणीसारखं वाजायचं.

हे शिक्के तक्रारींपुरते राहिले असते तर मी हे लिहायला बसले नसते. सर ते माणसांवर मारायचे.

आमच्याकडे अरबाज नावाचा मुलगा होता, कामाला चोख, बोलायला हळू. एका सकाळी तो सरांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. डोळे सुजलेले.

‘सर, दादी वारली. जनाजा दुपारी आहे. जाऊ का?’

सरांनी मान वर केली नाही. ‘दुबार.’

‘सर?’

‘मागच्या महिन्यात गेलता ना बे आजीच्या मातीला? किती वेळा मरती तुझी आजी?’

‘ती नानी होती सर. आईची आई.’

सरांनी क्षणभर विचार केला. खरंच विचार केला, तक्रार तपासतात तसा. ‘मग दुबार न्हाई. वेगळी हाय. जा.’

पोरं हसली. मला सांगायला हवं की अरबाजही हसला, आणि जिना उतरताना भिंतीला हात लावून थांबला. सरांना यात काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या लेखी त्यांनी चूक वेळीच सुधारली होती.

एकदा कुठल्यातरी दूरच्या देशातल्या म्हाताऱ्या माणसाची तक्रार आली. त्याची बायको वारली होती. तिनं आयुष्यभर लिहिलेली पत्रं एका जुन्या प्रोग्रॅममध्ये होती आणि ती उघडताना सॉफ्टवेअर बंद पडत होतं. बायकोचं नाव, तिचा स्वभाव, तिला कुठलं फूल आवडायचं, सगळं लिहिलं होतं. सॉफ्टवेअरचं कुठलं व्हर्जन आहे ते लिहिलं नव्हतं. सरांनी ‘अपुरी माहिती’ मारला आणि तक्रार बंद केली.

‘सर, त्याला विचारू तरी,’ मनीषा म्हणाली. ‘बिचाऱ्यानं रडत रडत लिहिलेलं दिसतंय.’

‘दुःख ही माहिती न्हाई,’ सर म्हणाले. ‘पुढचं.’

मनीषा. आता तिच्याबद्दल सांगते, कारण सरांना मी ओळखलं ते तिच्यामुळं.

मनीषा वडवणीकडची. घरची दोन्हीकडची माणसं ऊसतोडीला जाणारी. लग्न झाल्यापासून तीही नवऱ्याबरोबर जात होती. आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; एकट्याला मुकादम विचारत नाही. दोन हंगामांच्या मधल्या महिन्यांत तिनं बीएस्सी पूर्ण केलं होतं, कसं ते तिलाच ठाऊक. आमच्याकडे ती प्रोबेशनवर लागली. नवऱ्यानं बीडात टेम्पो चालवायचं काम धरलं आणि मुलीला जवळच्या बालवाडीत घातलं. दोघांचं ठरलं होतं: दसऱ्यापर्यंत मनीषा कायम झाली तर यंदा कोयता निघणार नाही. नाही झाली तर दिवाळी करून निघायचं, आणि मुलगी बरोबर. मुकादमाला त्यांनी ‘थांब’ सांगितलं होतं, आणि मुकादम फार थांबत नाही. हे मला माहीत होतं, साहेबांना, म्हणजे आमच्या मालकांना, माहीत होतं, आणि गव्हाणे सरांना सगळ्यांत चांगलं माहीत होतं, कारण तिच्या प्रोबेशनचा शेरा त्यांनी लिहायचा होता.

‘कोयता धरलेल्या हाताला माऊस लई हलका वाटत असंल,’ सर पहिल्याच आठवड्यात म्हणाले.

‘हलका हाय, पण धाक तेवढाच हाय सर,’ मनीषा म्हणाली. ‘कोयता चुकला तर बोट जातं, माऊस चुकला तर तुमी.’

सर तिच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांच्या तोंडाची एक बाजू हलली. ते हसू होतं असं नंतर सगळ्यांनी मिळून ठरवलं. त्या दिवसापासून ते सगळ्यांत अवघड तक्रारी मनीषाला द्यायला लागले आणि सगळ्यांत जास्त तिलाच बोलायला लागले. दुपारी ते एकटेच जेवायचे, कांदा मुठीनं फोडून, भिंतीकडे तोंड करून. पण मनीषाचा शिक्का चुकला तर घास हातात घेऊन उठायचे. तिचे शिक्के क्वचितच चुकत. हळूहळू मात्र तिचं उलट बोलणं थांबलं. दसरा जवळ यायला लागला तशी ती शिक्का मारण्याआधी सरांच्या पाठीकडे बघायला लागली.

मग ती घड्याळाची तक्रार आली. कापड रंगवणाऱ्या एका परदेशी कारखान्यातून. त्यांचं म्हणणं, प्रिंटरला काम दिलं की सॉफ्टवेअरमधलं घड्याळ मागं पडतं. मनीषा जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत गेली, चादर काढली, जुनं मशीन सुरू केलं आणि प्रिंटरला काम देऊन घड्याळ बघत बसली. जुन्या मशीनचं घड्याळ बरोबर चालत होतं. तिनं बाहेर येऊन ‘सोंगाचा दोष’ मारला.

सर येऊन तिच्या मागे उभे राहिले. टोपणाची टकटक.

‘हे काय हाय?’

‘सर, घड्याळ—’

‘घड्याळ मागं पडणं हे ह्या मशीनचं जुनं दुखणं हाय. सगळ्या जगाला ठाऊक हाय. तू नवा शोध लावला का?’

‘ते फ्लॉपी वाचताना पडतं सर. हे प्रिंटचं हाय. मी आत्ता मशीनवर—’

‘मला शिकवती? ह्या मशीनच्या खोड्या मला झोपेत विचार. जेवणाच्या सुट्टीत एका हातात भाकर धरून मशीन बघितलं आणि झाली इंजिनेर! ऊस तोडला की खाली पडतो, तेवढं कळतं तुला. ह्यातलं कळत न्हाई तर गप बसावं. तुझा प्रोबेशनचा कागद माझ्या टेबलावर हाय, ठाऊक हाय ना?’

‘हाय सर.’

‘मग?’

मनीषानं शिक्का बदलला. ‘मूळचा दोष.’ तिनं कळ दाबेपर्यंत सर तिथंच उभे होते. मग ते जागेवर गेले आणि मनीषा पाणी प्यायला उठली. जारापाशी मी होते. ती मला म्हणाली, ‘मॅडम, घड्याळ बरोबर चालत होतं.’ मी म्हटलं, ‘मग सांग त्यांना.’ ती म्हणाली, ‘दसरा होऊ द्या.’

दसऱ्याच्या आतच कंपनीचा फोन आला. तक्रार बंद झाल्यामुळं त्या कारखान्यानं तसंच काम चालू ठेवलं होतं. घड्याळ मागं पडलं, कापड रंगात जास्त वेळ राहिलं आणि अख्खा घाणा वाया गेला. कंपनीनं तपासलं तेव्हा दोष सोंगाचा निघाला. शिक्का कुणी मारला, असं त्यांनी विचारलं होतं.

साहेबांनी सर आणि मनीषाला आत बोलावलं. बैठकीची नोंद लिहायला मी होते.

‘शिक्का माझा हाय साहेब,’ मनीषा म्हणाली. ‘पण मी आधी बरोबर मारला होता. सरांनी बदलायला लावला.’

साहेबांनी सरांकडे पाहिलं. मला वाटलं, सर आता नाही म्हणणार, आणि मी पेन घट्ट धरलं.

‘खरं हाय,’ सर म्हणाले. ‘मी बदलायला लावला. मशीनवर न बघता बोललो. चूक माझी. मॅडम, लिहा.’

मी लिहिलं. मनीषानं सोडलेला श्वास मला टेबलापलीकडून ऐकू आला. साहेब म्हणाले, ‘बरं, मग हा विषय—’

‘थांबा,’ सर म्हणाले, आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. ‘तू मशीन चालवलं होतं?’

‘हो सर.’

‘घड्याळ बरोबर चालत होतं? स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं?’

‘हो.’

‘मग माझं कावून ऐकलं?’

मनीषा म्हणाली, ‘तुमी रागावला होता सर.’

‘मी रोजच रागावतो. मी काय आज रागावलो? तुला बरोबर ठाऊक होतं. डोळ्यांनी बघितलं होतं. आणि मी आवाज चढवला म्हणून तू ते खोडलं. उद्या दुसरा कुणी आवाज चढवंल, तू दुसरं खोडशील. साहेब, ज्याला कळत न्हाई त्याला मी शिकवीन. कळून भिणारं माणूस मला वर्गवारीत नको. हिला कायम करू नका.’

‘अहो, पण भीती तुम्हीच घातली ना तिला?’ साहेब म्हणाले.

‘घातली. मग मला काढा.’

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. सरांना काढलं तर कंपनीचं काम महिनाभरही टिकलं नसतं, हे त्या खोलीतल्या चौघांनाही माहीत होतं.

‘सर,’ मनीषा म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला, ‘पोरगी शाळेत घातलीय.’

‘ते ह्यात येत न्हाई,’ सर म्हणाले.

मी विचारलं, ‘हे असंच लिहू?’

‘असंच लिहा.’

शेरा त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला, लाल पेननं, आणि त्यात एक शब्द खोटा नव्हता. स्वतःची चूकही लिहिली होती. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि मला मनीषाचं पत्र तयार करायला सांगितलं. सरांना ते म्हणाले, ‘जरा सांभाळून बोलत जा.’ सर म्हणाले, ‘बघू.’

त्यानंतर आमच्या खोलीत एक विचित्र साथ आली. जो तो सरांना उलट बोलायला लागला. ऐकलं तर नोकरी जाते, एवढंच पोरांनी त्या प्रकारातून घेतलं होतं. सर म्हणाले दुबार, की पोरं म्हणायची नाही. सर म्हणाले मूळचा, की पोरं म्हणायची सोंगाचा. मशीन चालवून न बघताच. सर लालबुंद व्हायचे, ‘अरे मी बरोबर सांगतोय बे!’ म्हणून ओरडायचे, आणि अरबाजसारखा अरबाज हळूच म्हणायचा, ‘असेल सर, पण मी भिणार नाही.’ त्या दिवसांत चुकीचे शिक्के इतके झाले की सर स्वतः रोज मागच्या खोलीत बसून एकेक तक्रार त्या गिरणीवर पुन्हा चालवायचे. त्यांच्या डब्यातली भाकरी तशीच परत जायची. मला त्यांची दया आली नाही. दुपारचा चहा मात्र मी त्यांना तिथं पाठवत होते, कारण चहाच्या यादीत त्यांचं नाव होतं.

दिवाळी झाली. मनीषा अनुभवाचा दाखला घ्यायला आली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा ट्रक निघणार होता, कर्नाटकाकडे. मुलगी कडेवर, तिच्या अंगावर बालवाडीचा गणवेश. ‘दुसरं काही धुतलेलं नव्हतं,’ मनीषा म्हणाली, मी काही विचारलं नसताना. दाखला मी तयार ठेवला होता, नेहमीचा मजकूर, ‘काम समाधानकारक’. पण त्यावर विभागप्रमुखाची सही लागते. ‘मी घेऊन येते,’ मी म्हटलं. ती म्हणाली, ‘नको मॅडम, मीच जाते.’

ती सरांच्या टेबलापाशी उभी राहिली. मी तिच्या मागे. खोलीतली सगळी पोरं पडद्याकडे बघत होती आणि एकाचीही बोटं चालत नव्हती.

सरांनी दाखला पहिल्या अक्षरापासून वाचला. मग लाल पेननं ‘समाधानकारक’ खोडलं आणि वर ‘उत्तम’ लिहिलं. खाली सही केली. मनीषा वाकून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना.

‘उत्तम होतं, तर मग ठेवलं कावून न्हाई सर?’

‘हे कामाचं लिहिलंय,’ सर म्हणाले. ‘तुझं न्हाई.’

मुलीनं टेबलावरचं टोपण उचललं. मनीषानं ते तिच्या मुठीतून सोडवून जागेवर ठेवलं. दाखल्याची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

‘हा कुणाला दाखवू सर? उसाला?’

तिनं दाखला माझ्या हातात दिला. ‘तुमच्यापाशीच असू द्या मॅडम. तोडीवर कोपीत ऱ्हायचं, वर नुसतं उसाच्या पाचटाचं छप्पर असतंय. भिजंल.’ मग मुलीला म्हणाली, ‘सरांना टाटा कर.’ मुलीनं केला. मनीषा जिना उतरून गेली.

गव्हाणे सर पुढेही आमच्याकडे होते, नंतर जास्त पगारावर पुण्याला गेले. मी हा प्रसंग सांगितला की लोक विचारतात, मग सरांना नंतर वाईट वाटलं असेल ना? लोकांना तो भाग हवा असतो. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते आणि मुद्दाम त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मुलीचा हात हलत होता तोपर्यंत ते तिच्याकडे बघत होते, तक्रार वाचताना बघतात तसे, पापणी न हलवता. जिन्यावरचा आवाज संपला. त्यांनी खुर्ची पडद्याकडे वळवली.

‘अरबाज,’ ते म्हणाले, ‘पुढचं.’